चिकुनगुन्याचा विषाणू आणि पेशीचे स्वभक्षण

पेशी स्वतःमधली निकामी प्रथिने आणि जीर्ण घटक दुपदरी पडद्याच्या पिशवीत गुंडाळते. ती पिशवी पुढे पाचक विकरांनी भरलेल्या लायसोसोमला जुळते आणि आतला माल पचतो. हीच ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण. तिची जनुके यीस्टमध्ये शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. पेशीत शिरलेला विषाणू या पिशवीत अडकतो, तर कधी तिचाच फायदा उठवतो.

कर्नाटकाला हा विषय दूरचा नाही. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत देशातले सर्वाधिक संशयित रुग्ण, साडेसात लाखांहून अधिक, याच राज्यात नोंदले गेले, त्याखालोखाल महाराष्ट्रात. त्याआधी १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने ही साथ सोसली होती. सांधे धरून महिनोन्‌महिने कण्हणाऱ्या त्या माणसांच्या पेशींत काय घडत होते, याचा शोध अभ्यासकांनी घेतला.

चिकुनगुन्याच्या संसर्गाने पेशीवर ताण येतो आणि ऑटोफॅजी वाढते. २०१२ च्या संशोधनात दिसले, की ही वाढ पेशीचा मृत्यू लांबवते. उंदरांच्या ज्या पिलांत ऑटोफॅजी मुळातच दुबळी होती, त्यांना आजार अधिक घातक ठरला. मानवी पेशींत गुंतागुंत वाढते. तिथे पी-६२ हे प्रथिन विषाणूचे कवचप्रथिन धरून पचनाकडे नेते. एनडीपी-५२ हे त्याच यंत्रणेतले प्रथिन मात्र विषाणूच्या एनएसपी-२ या प्रथिनाला चिकटून विषाणूची वाढ सुकर करते. उंदराचे एनडीपी-५२ असे करत नाही, म्हणून उंदरावरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावणे धोक्याचे. या विषयात याहून महत्त्वाची गोष्ट क्वचितच असेल.

इतर विषाणूंचे मार्ग वेगळे. हर्पीस सिम्प्लेक्स पेशीच्या बेक्लिन-१ या प्रथिनाला रोखून ऑटोफॅजी सुरूच होऊ देत नाही. इन्फ्लुएन्झाचे एम-२ हे प्रथिन पिशवी आणि लायसोसोम जुळू देत नाही. डेंगीचा विषाणू उलट पेशीतले चरबीचे थेंब पचवायला लावून त्यातली ऊर्जा वापरतो.

क्लोरोक्विन लायसोसोमची आम्लता घटवते आणि पचनाची अखेरची पायरी अडवते. प्रयोगशाळेतल्या पेशींत त्याने चिकुनगुन्याला आवर घातला. रीयुनियन बेटावरच्या रुग्णांना मात्र तीव्र आजारात लाभ झाला नाही. या औषधाचा परिणाम ऑटोफॅजीपुरता नसतो, त्यामुळे हे अपयश केवळ तिच्यामुळे, असे म्हणता येत नाही. तरीही सबंध यंत्रणा बंद पाडण्यापेक्षा पी-६२ ला धक्का न लावता एनडीपी-५२ आणि एनएसपी-२ यांची जुळणी तोडणारा रेणू शोधणे अधिक आशेचे आहे.