समुद्रापलीकडचा शेजारी
(वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



शेजारधर्म म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर इटली आणि अल्बेनिया या दोन देशांचा इतिहास जरूर वाचावा. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हे आपण भूगोलात शिकता. त्या बुटाच्या टाचेसमोर अल्बेनियाचा किनारा आहे. मध्ये ओत्रांतोची सामुद्रधुनी. अरुंद जागी रुंदी सुमारे ७२ किलोमीटर. एवढ्याशा पाण्यावरून पाचशे वर्षांत कधी निर्वासित गेले, कधी फौजा आल्या, कधी डॉक्टर गेले.

पंधराव्या शतकात स्कंदरबेग या सरदाराने उस्मानी सत्तेशी पंचवीस वर्षे झुंज दिली. १४६८ मध्ये तो वारला आणि पुढे हजारो अल्बेनियन कुटुंबे समुद्र ओलांडून दक्षिण इटलीत गेली. तेथे त्यांना जमिनी मिळाल्या, गावे वसली. सिसिलीतले पियाना देली अल्बानेसी हे गाव १४८८ मधले. या लोकांच्या वंशजांना आर्बरेश म्हणतात. स्कंदरबेगला आज अल्बेनियातले मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही राष्ट्रपुरुष मानतात. राजधानी तिरानाच्या मुख्य चौकात त्याचा पुतळा आणि एतेम बे यांची जुनी मशीद जवळजवळ उभी आहेत.

पालकांनी येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. परमुलखात गेलेल्या मूठभर लोकांची भाषा दोनतीन पिढ्यांत पुसली जाते. आर्बरेशांची टिकली. घराने आणि प्रार्थनामंदिराने ती सांभाळली, आणि शाळेनेही हातभार लावला. १७३२ मध्ये कालाब्रिया प्रांतात त्यांच्या मुलांसाठी एक विद्यालय निघाले. १७९४ मध्ये ते सान देमेत्रिओ कोरोने या गावी हलविण्यात आले. जेरोलामो दे रादा या आर्बरेश कवीने याच गावी अध्यापन केले आणि १८८३ मध्ये अल्बेनियन भाषेचे नियतकालिक सुरू केले. अल्बेनिया स्वतंत्र झाला तो १९१२ मध्ये. त्याआधीच त्याच्या साहित्याची एक शाखा परक्या किनाऱ्यावर फोफावली होती. इटलीने १९९९ मध्ये कायदा करून या अल्पसंख्याक भाषेला संरक्षण दिले.

पण सत्तेचा व्यवहार वेगळा असतो. पहिल्या महायुद्धात इटलीने व्लोरा बंदर घेतले; १९२० मध्ये अल्बेनियनांनी लढून ते सोडविले. नंतर कर्जाच्या वाटेने इटलीचा शिरकाव झाला. १९२५ पासून रोमहून पैसा आला, रस्ते-पूल झाले, आणि कर्जाबरोबर हुकूमही येऊ लागले. १९३३ मध्ये राजा झोगने खासगी शाळा बंद केल्या. त्यांत इटालियनांच्या शाळाही होत्या. मुलांना कोण शिकवितो यावर देश कोणाचा हे ठरते, हे त्याने ओळखले होते. तरीही ७ एप्रिल १९३९ रोजी मुसोलिनीच्या फौजा उतरल्या आणि अल्बेनियाचा मुकुट इटलीच्या राजाच्या डोक्यावर गेला.

मग चक्र फिरले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि जर्मन सैन्य कालच्या मित्रांना पकडू लागले. हजारो इटालियन सैनिक डोंगरात निराधार झाले. ज्यांचा देश त्यांनी बळकावला होता, त्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांनी त्यांना घरात लपविले, आपल्या ताटातली भाकरी दिली. अल्बेनियन भाषेत ‘बेसा’ असा शब्द आहे. दिलेला शब्द पाळणे आणि दारी आलेल्याचे रक्षण करणे, असा त्याचा अर्थ. हा धर्म तेथे मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही मानतात.

युद्धानंतर एन्वर होजाच्या राजवटीत अल्बेनियाची दारे बंद झाली. लोक चोरून इटालियन दूरदर्शन पाहत. कित्येक मुले त्यावरूनच इटालियन शिकली. १९९१ मध्ये ती राजवट कोसळत असता माणसांचा लोंढा निघाला. ८ ऑगस्टला ‘व्लोरा’ नावाचे एकच जहाज सुमारे वीस हजार माणसे घेऊन बारी बंदरात आले. सरकारने बहुतेकांना क्रीडांगणात कोंडून परत पाठविले. मार्च १९९७ मध्ये इटालियन युद्धनौकेशी टक्कर होऊन निर्वासितांचे जहाज बुडाले. ऐंशीच्या आसपास जीव गेले. हेही विसरता कामा नये. पण त्याच इटलीने अल्बेनियाला अन्नधान्य पुरविले, आणि पुढे लाखो अल्बेनियन तेथे स्थायिक झाले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये अल्बेनियात भूकंप झाला तेव्हा इटलीची बचावपथके धावली. चारच महिन्यांनी, करोनाच्या साथीत इटलीची रुग्णालये भरून गेली असता, लहानशा अल्बेनियाने तीस डॉक्टर-परिचारकांचे पथक तिकडे धाडले.

विद्यार्थी मित्रांनो, या इतिहासातून केवळ अन्याय वेचले तर वैर हाती लागेल, आणि केवळ उपकार वेचले तर भाबडेपणा. दोन्ही वाचा. मदत देणारा अटी घालतो की हात देतो, हे पारखायला शिका. त्यासाठीच शिक्षण हवे. आणि आज जो दारी आला आहे त्याच्या दारी उद्या आपल्याला जावे लागेल, हे मनात ठेवून वागा. तह फाटतात, राजे पळून जातात. दिलेल्या भाकरीची आठवण मात्र नातवंडांपर्यंत पोहोचते.