काठोकाठ भरायचं नसतं, मामू!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो, विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरीही आज बॅटरीबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या मायेपायी एक महागडी बॅटरी जाता जाता राहिली.

माझा भाचा इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ राहतो. आम्हा कोकणी मुसलमानांची काही कुटुंबं त्या भागात बरीच वर्षं आहेत. घराचं भाडं झेपेना, म्हणून त्यानं कालव्यातली जुनी बोट विकत घेतली आणि तिच्यातच संसार मांडला. लोखंडी बोट, ६० फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद. चाळीची गॅलरी उचलून पाण्यावर सोडावी, तशी. डिसेंबर २०२२ मध्ये भाचेसुनेचे दिवस भरत आले. बहिणीला गुडघ्यांमुळे जाणं शक्य नव्हतं. म्हणून मी गेलो.

बोटी बांधून ठेवायची तिथे जागा असते. काठावर खांब, खांबाला प्लग. त्यातून केबलनं बोटीत वीज येते. तिला शोअर पॉवर म्हणतात, म्हणजे किनाऱ्याची वीज. केबल आधी बोटीला लावायची, मग खांबाला. काढताना आधी खांबाची. उलट केलं तर पाण्यावर जिवंत विजेचं टोक हातात राहतं. आणखी एक गंमत भाच्यानं सांगितली. या केबलमधल्या अर्थिंगच्या तारेनं सगळ्या लोखंडी बोटी एकमेकींना जोडल्या जातात, आणि पाण्यातून बारीक प्रवाह वाहून शेजाऱ्याची बोट आपल्या बोटीचं लोखंड खाऊ शकते. तार तोडायची नाही, ती जीव वाचवते. मध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचं उपकरण बसवायचं.

दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज हे सगळं बॅटऱ्यांवर चालतं. भाच्याकडे १२ व्होल्टच्या चार लिथियम बॅटऱ्या, एकूण ४०० अँपिअर-अवर. आपल्या भाषेत साधारण ५ युनिट वीज. ही त्याची दुसरी खरेदी. पहिला संच त्याच्याच हातून थंडीत खराब झाला होता. या संचाचे हप्ते अजून चालू होते.

एका पहाटे भाचेसुनेला कळा सुरू झाल्या. दोघं हॉस्पिटलात गेले आणि बोट माझ्या ताब्यात आली. जाताना भाच्यानं कागद चिकटवला: 'मीटर ४० टक्क्यांवर आला की चार्जर चालू. ८० झाले की बंद. थंडीत विचारल्याशिवाय हात लावू नका.'

मला हे पटेना. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या घरी इन्व्हर्टर होता. डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि बॅटरी कायम भरलेली ठेवायची, हे दुकानदारानं बजावून सांगितलं होतं. किनाऱ्याची वीज रात्रंदिवस हजर असताना बॅटरी अर्धी रिकामी का ठेवायची?

दुसऱ्या सकाळी उठलो तर कालव्यावर बर्फाचा थर. मीटर ४६ टक्के. बाळ घरी यायचं, आणि बॅटरी निम्मी! मी बिस्मिल्ला म्हणून चार्जरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. आकडा हलेना. घाबरून फोन केला.

"मामू, बॅटरीजवळचा थर्मामीटर काय दाखवतो?"

"उणे दोन."

"मग बॅटरी बरोबर वागतेय. आधी चार्जर बंद करा."

त्या संचात बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, होती. प्रत्येक सेलवर तिची नजर असते. तापमान शून्याखाली गेलं की चार्जिंग ती अडवते. चार्ज होताना लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. गारठ्यात त्यांना आत शिरायला वेळ लागतो. आपण जोर केला तर ते बाहेरच धातू होऊन चिकटतात. ते नुकसान भरून निघत नाही. बॅटरीची क्षमता कायमची घटते, आतल्या आत शॉर्टसर्किटचाही धोका असतो. नवल म्हणजे अशा थंडीत ती वीज देऊ शकते. फक्त घेऊ शकत नाही.

मग भाच्याच्या सांगण्यावरून इंजिनाच्या खोलीतला छोटा हीटर लावला. तो थेट किनाऱ्याच्या विजेवर चालतो. संध्याकाळी पारा ६ वर आला, तेव्हा चार्जर लावला आणि ८० वर इमानानं बंद केला.

रात्री फोनवर मी विचारलं, "अरे, पण शंभर का नाही?"

तो म्हणाला, "काठोकाठ भरायचं नसतं, मामू. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव वेगळा, हिचा वेगळा."

शिशाची बॅटरी १८५९ मध्ये गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानं केली. ती अर्धी राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं आणि ती मरते. म्हणून चार्जर तिला सतत थोडं थोडं भरवत राहतो. भाच्याच्या बॅटरीचं रसायन लिथियम आयर्न फॉस्फेट. ते १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटानं पुढे आणलं. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल मिळालं. या बॅटरीला सततचं भरवणं नको असतं. महिनोन्‌महिने तुडुंब ठेवली, त्यातही उष्णतेत, तर ती लवकर म्हातारी होते. बोट बंद करून गावी जायचं असेल, तर निम्मी भरून, चार्जर बंद करून जायचं. मात्र अधूनमधून पूर्ण भरायची, कारण सगळे सेल एका पातळीवर तेव्हाच येतात आणि मीटरचा हिशेबही तेव्हाच जुळतो. व्होल्टेजवरून अंदाज करू जाल तर फसाल. निम्मी असो की बरीचशी भरलेली, ते जवळपास सारखंच दिसतं.

तिसऱ्या दिवशी भाचा बायकोला आणि लेकीला घेऊन आला. बोट उबदार होती, दिवे लागलेले होते. नातीच्या कानात अजान द्यायचा मान त्यानं मला दिला. त्या लाल दिव्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. बीएमएस नसती, तर त्याचे उरलेले हप्ते मी त्या सकाळीच पाण्यात घातले असते, आणि तेही त्याच्या लेकीसाठी म्हणून.

श्रोतेहो, आता आपल्याकडेही घरोघरच्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. तुमच्याकडे शिशाची असेल तर जुनाच नियम पाळा, डिस्टिल्ड वॉटर घाला, भरलेली ठेवा. लिथियमची आणलीत, तर जुन्या चार्जरला तशीच जोडू नका. चार्जर तिला चालणारा आहे का, आणि तिला काय सोसतं, हे विकणाऱ्याला आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, माया केली की झालं.