विलायतेतील बागेत एक दिवस
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



महोत्सव समितीच्या चालकांची आज्ञा झाली की, माझ्या विलायतेच्या प्रवासाविषयी मी चार शब्द बोलावे. तेथील मोठमोठ्या देवळांची व राजवाड्यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकिली आहेत. म्हणून मी आज डर्बीशायर परगण्यात केलेल्या एका दिवसाच्या बागकामाविषयी व दुसऱ्या दिवशीच्या रानातील फेरफटक्याविषयीच सांगणार आहे. आपण वसईचे वाडीवाले लोक. खुरप्याची ओळख आपणांस करून द्यावयास नको.

चेस्टरफील्ड शहरापासून थोड्या अंतरावर, एका टेकडीवर, हार्डविक हॉल नावाचा भव्य दगडी वाडा आहे. बेस ऑफ हार्डविक ह्या धनाढ्य सरदारपत्नीने तो १५९० नंतरच्या काही वर्षांत बांधविला. वाडा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे होता. परंतु वारसाकराचा बोजा भारी झाल्याने तो सरकारकडे गेला व १९५९ साली नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या हाती आला. ही संस्था १८९५ साली तिघांनी स्थापिली : समाजसेविका ऑक्टेव्हिया हिल, कायदेपंडित रॉबर्ट हंटर आणि अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक कॅनन रॉन्स्ली. सुंदर भूमी व जुन्या वास्तू विश्वस्ताच्या नात्याने सर्व जनतेसाठी राखाव्या, हा तिचा हेतू होय.

ज्या वृद्ध दांपत्याकडे मी उतरलो होतो, ती उभयता आठवड्यातून एक दिवस तेथे विनावेतन काम करीत असत. त्यांच्याबरोबर मीही गेलो. पगारी माळ्याने आम्हा सात-आठ जणांस कामे वाटून दिली. औषधी वनस्पतींच्या वाफ्यांतील तण काढणे माझ्या वाट्यास आले. दुपारी कुजलेल्या पाल्याचे खत हातगाडीने वाहून गुलाबांच्या बुडाशी घातले. मंडळीत एक निवृत्त शिक्षिका होती, एक आगगाडीचा जुना चालक होता व नोकरीच्या शोधात असलेला एक तरुणही होता. चहाच्या वेळी मी शिक्षिकाबाईंस विचारिले, "बाई, आपण इतक्या लांबून का येता?" त्या म्हणाल्या, "फादर, माझ्या घराला अंगण नाही. म्हणून ही बाग माझी." त्या उत्तराने माझा दिवसाचा शीण उतरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रिंडलफर्ड स्थानकापासून पॅडलीपर्यंत चालत गेलो. आपणा कॅथलिकांस हे स्थळ पूज्य आहे. १५८८ च्या जुलै महिन्यात येथील वाड्यात निकोलस गार्लिक व रॉबर्ट लडलॅम ह्या धर्मगुरूंना पकडण्यात आले आणि त्याच महिन्यात डर्बी येथे त्यांस देहदंड झाला. १९८७ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले. त्यांस पकडणारा श्रूझबरीचा अर्ल हा त्या हार्डविकच्या बेसचाच पती! तिच्या बागेत एका वसईकर कॅथलिक धर्मगुरूने तण उपटावे व कोणी त्याचा धर्म विचारू नये, ही काळाची व कृपेची करणी होय. पॅडलीचा मूळ वाडा आज पडीक आहे. परंतु गोठ्यासारखी वापरली जाणारी त्याची देवडी कॅथलिकांनी विकत घेतली, दुरुस्त केली आणि १९३३ साली तिचे प्रार्थनामंदिर केले.

तेथून ओकच्या राईतून, खळाळत्या ओढ्याच्या काठाने वर चढले म्हणजे लाँगशॉचे माळरान लागते. ही रटलंडच्या ड्यूकची शिकारीची जागीर. १९२७ साली ती विक्रीस निघाली, तेव्हा पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध अशा शेफील्ड शहरातील लोकांनी वर्गणी जमवून ती घेतली व १९३१ साली नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. ह्या कामी एथेल हेथॉर्नथ्वेट ह्या बाईंनी पुढाकार घेतला होता. आज त्या माळावर गरिबाचे मूलही धावू शकते.

बंधुभगिनींनो, तीन ठिकाणे मी पाहिली आणि एकच धडा शिकलो : भूमी कागदावर कोणाचीही असो, ती टिकते राखणाऱ्याच्या हातांनी. आपल्याकडेही लावणीच्या दिवसांत शेजारी शेजाऱ्याच्या शेतात उतरत असे. आपल्या पूर्वजांनी वाड्यावाड्यांतून बावखले खणिली. पावसाचे पाणी त्यांत साठे, विहिरींस गोडे पाणी मिळे व केळी-मोगऱ्याचे मळे जगत. त्यांपैकी कित्येक बुजली व त्यांवर इमारती उठल्या. उरलेल्यांत गाळ साचला आहे. आपली मुले शहरांत नोकऱ्या करितात, ह्यात दोष नाही. परंतु राखणदार कोण, हा प्रश्न उरतोच.

पवित्र शास्त्राप्रमाणे पहिल्या माणसास मिळालेले पहिले काम बागेचे होते. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालेच्या मरियेस प्रभू प्रथम माळीच वाटला. तेव्हा ह्या कामास हलके कोण म्हणेल?

माझी विनंती एवढीच : ह्या महोत्सवी वर्षात दर महिन्याचा पहिला शनिवार आपण धर्मग्रामास द्यावा. सकाळच्या मिस्सानंतर दोन तास देवळामागील बावखलातील गाळ काढू व दफनभूमीतील झाडांस खतपाणी घालू. पुरुषांनी घमेली आणावी, स्त्रियांनी खुरपी, मुलांनी पाण्याच्या बादल्या. ज्याच्या घरास अंगण उरले नाही, त्याने तर आवर्जून यावे. ही बाग त्याचीच आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस सुखी ठेवो.