अंधाराचे जतन



लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तेथील डोंगरांवरची आकाशगंगा टिपण्यासाठी कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून त्याचे शटर १५ ते २० सेकंद उघडे ठेवावे लागते. वेळ फार वाढवल्यास ताऱ्यांच्या ठिपक्यांऐवजी रेघा उमटतात. कारण पृथ्वी दर मिनिटाला पाव अंश फिरत असते.

परंतु त्या छायाचित्राचे श्रेय एकट्या छायाचित्रकाराचे नाही. २०२२ मध्ये हा परिसर गडद आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. ग्रामस्थ खिडक्यांना जाड पडदे लावतात, दिव्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवतात. त्यांतील काही जण पाहुण्यांना दुर्बिणीतून तारे दाखवतात. तो अंधार त्यांनी राखलेला आहे.

आपल्या शहरांतील मुले मात्र आकाशगंगा पुस्तकातील चित्रावरूनच ओळखतात. म्हणून या हीरकमहोत्सवी वर्षापासून शाळेने मार्गशीर्ष अमावास्येच्या रात्री दिवे मालवून मैदान आकाशदर्शनासाठी खुले करावे, आणि पालकांनी आपल्या गच्चीवरचे दिवेही त्या रात्री मालवावेत, अशी माझी विनंती आहे. आकाशगंगा कदाचित दिसणार नाही. निदान कृत्तिकेचे तारे तरी मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी मोजता येतील.