यंत्राची भीती आणि माणसाचा अंकुश



स्वयंचलित यंत्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी सामान्य माणसाला वाटणाऱ्या भीतीची अज्ञान म्हणून संभावना करणे सोपे आहे. परंतु हाच माणूस लिफ्टमन नसलेल्या लिफ्टमध्ये निःशंकपणे पाऊल ठेवतो, ऑटोपायलटवर चाललेल्या विमानात स्वस्थ झोपतो. मग त्याला भीती नेमकी कशाची वाटते?

दोन दुर्घटनांत याचे उत्तर सापडते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची विमाने कोसळली. एकूण ३४६ जणांनी प्राण गमावले. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर गेल्यास ते आपोआप खाली आणणारी ‘एमकॅस’ नामक प्रणाली त्यांत होती. ती एकाच संवेदकाच्या सांगण्यावर चाले. त्या संवेदकाने चुकीचा कोन दाखविला. यंत्राने तो खरा मानून नाक पुनःपुन्हा खाली रेटले. वैमानिक ते वर खेचत राहिले. पहिल्या अपघातापूर्वी अशी प्रणाली विमानात आहे, हेही वैमानिकांना सांगितले गेले नव्हते.

यंत्र काय करीत आहे हे कळू नये आणि त्याला आवरताही येऊ नये, ही असहायता हेच भीतीचे मूळ होय. कृत्रिम बुद्धिमत्तेत ते अधिक खोल जाते. विपुल माहितीवरून शिकलेली प्रणाली एखाद्या निष्कर्षाप्रत कशी आली, हे पुष्कळदा तिच्या निर्मात्यांनाही पूर्णपणे उलगडत नाही. या क्षेत्राचे अध्वर्यू जेफ्री हिंटन यांनी २०२३ मध्ये गूगल सोडून धोक्याचा इशारा दिला. २०२४ मध्ये ते भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. त्यांना अज्ञ कोण म्हणेल?

आपल्याकडे भस्मासुराची कथा घरोघरी सांगितली जाते. त्याला मिळालेल्या वराला मर्यादा नव्हती, म्हणून तो वरदात्यावरच उलटला. ७३७ मॅक्सच्या बाबतीत ही मर्यादा उशिरा का होईना, घातली गेली. २०२० च्या अखेरीस ते विमान पुन्हा उडू लागले, तेव्हा दोन संवेदकांचा मेळ बसल्याखेरीज प्रणाली चालणार नाही आणि वैमानिकाला तिच्यावर नेहमी मात करता येईल, अशी सुधारणा झालेली होती.

उद्या कर्ज नाकारण्याचा वा रोगनिदानाचा निर्णय यंत्र देईल, तेव्हा त्याचे उत्तर देणारा माणूस कोण, हे प्रत्येक नागरिकाने विचारले पाहिजे. असा प्रश्न विचारणाऱ्या समाजाला प्रगतीचा वैरी म्हणता येणार नाही; प्रगतीचा लगाम त्याच्याच हाती शोभतो.