शाळेच्या एका तासाने काय बदलतं?

मी इंदूरची. घरात चार पिढ्या मराठी, पण शाळेत शिकवते हिंदीतून. सातवी ते दहावी, विषय विज्ञान. आज मात्र विज्ञानाबद्दल बोलणार नाही.

चौदा वर्षांच्या मुलाच्या हातून झेल सुटला की सोबती काय म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या मैदानावर 'चूड़ियाँ पहन ले', तुमच्याकडे 'बांगड्या भर'. मुलगी वर्गात मोठ्याने हसली तर तिला गप्प करायला आई लागत नाही, शेजारच्या बाकावरची मैत्रीणच डोळे वटारते. ही मतं घेऊनच मुलं सातवीत येतात आणि दहावीपर्यंत ती पक्की होतात. मधली तीन-चार वर्षं ती आमच्यासमोर बसलेली असतात. त्या काळात शाळेने काही केलं तर फरक पडतो का? शिक्षकांच्या खोलीत याचं ठरलेलं उत्तर असतं: "अहो, हे सगळं घरून येतं. आपण काय करणार?"

याची नीट तपासणी झाली ती हरयाणात. २०११च्या जनगणनेत तिथे सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या, सगळ्या राज्यांत कमी. तिथल्या सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या चार जिल्ह्यांतल्या ३१४ सरकारी शाळा घेतल्या. त्यांतल्या १५० शाळांमध्ये 'ब्रेकथ्रू' या संस्थेने 'तारों की टोली' नावाचा उपक्रम चालवला आणि बाकीच्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. कुठल्या शाळेत उपक्रम होणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं, म्हणजे चांगल्या शाळा निवडून चांगला निकाल दाखवला असं कुणी म्हणू नये. साधारण तीन आठवड्यांतून एकदा, पाऊण तास. असं अडीच वर्षं. भाषणं नव्हती, चर्चा होत्या. घरी कोण काय काम करतं, मुलीने पुढे शिकायचं की नाही हे कोण ठरवतं, आई-वडिलांशी बोलायचं कसं, असले विषय.

दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. तो २०२२मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये छापून आला. सुमारे १४ हजार मुलामुलींची मतं त्यांनी विचारली होती. निष्कर्ष असा की मुलींना कमी लेखणाऱ्या मतांपैकी १६ टक्के मतं बदलली. उपक्रम संपल्यावर दोन वर्षांनी पुन्हा जाऊन विचारलं, तेव्हाही बदल टिकून होता.

सोळा ऐकून काही जण नाक मुरडतात. मला हा आकडा लहान वाटत नाही. तीन आठवड्यांतून एकदा पाऊण तास शिकवून शंभरातल्या सोळा चुका सुधारल्या, तर विज्ञानात मी पेढे वाटीन.

आता तुम्ही म्हणाल, मुलं हुशार असतात, सरांना काय ऐकायचंय ते बरोबर सांगतात. शंका रास्त आहे. अभ्यासकांनाही ती होती. म्हणून कुठलं मूल चांगलं दिसण्यासाठी गोड उत्तरं देतं हे त्यांनी वेगळं मोजलं. शिवाय हुंड्याविरुद्धच्या निवेदनावर सही करायला सांगितली, मुलींना शिष्यवृत्तीचे अर्ज दिले. या प्रत्यक्ष कृतीच्या कसोट्यांवर मिळालेला पुरावा कच्चा होता, तेही त्यांनी लपवलं नाही. मला म्हणूनच त्यांचं बाकीचं म्हणणं पटतं.

पण माझ्या डोक्यात घर करून बसलं ते दुसरंच. मुलगे आणि मुली, दोघांचीही मतं बदलली. वागणं जास्त बदललं ते मुलग्यांचं! ते घरातली कामं पूर्वीपेक्षा जास्त करतो असं सांगू लागले. मुलींच्या आकांक्षा वाढल्या का, तर नाही. त्या आधीपासूनच मोठ्या होत्या. अडत होतं ते घरी.

हे वाचलं आणि मला आमच्या नववीतली एक मुलगी आठवली. हुशार. समानतेवर निबंध लिहायला सांगा, पहिला नंबर. पण संध्याकाळी सहाच्या गणिताच्या शिकवणीला येत नसे, कारण ती पोळ्यांची वेळ. तिचं मत बदलायची गरजच नव्हती. ते बदलून ती करणार काय? तिचा भाऊ आमच्याकडेच सातवीत. वर्गात आम्ही एकदा फळ्यावर मोठं घड्याळ काढून घरातल्या प्रत्येकाचा दिवस भरायला लावला होता. त्याने बहिणीचा दिवस भरला आणि म्हणाला, "मॅडम, हिचा खेळायचा तास राहिला." राहिला नव्हता, नव्हताच. महिनाभराने तो पोळ्या लाटायला लागला. आधी नकाशे, मग त्रिकोण, पुढे बऱ्यापैकी गोल. काका येणार असले की आई त्याला बाहेर पिटाळते, हेही सांगते. पण मुलगी शिकवणीला येऊ लागली.

म्हणून फक्त मुलींना बसवून 'तू सक्षम आहेस' असं सांगणाऱ्या कार्यक्रमांचा मला कंटाळा आलाय. दार मुलीच्या हातात नसतं. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष २६ टक्के निघाले, बायका ८१ टक्के. हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं, बायकांची २९९. आमच्या इंदुरात सकाळी पोहे सगळे खातात. कांदा कोण चिरतं ते विचारू नका. किंवा विचाराच.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी सांगते, हे हरयाणाचंच कौतुक नाही. २००८ ते २०११ या काळात मुंबईतल्या ४५ महापालिका शाळांत 'जेम्स' नावाचा असाच प्रयोग झाला होता. 'आयसीआरडब्ल्यू', 'कोरो' आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून सहावी-सातवीच्या वर्गांत तो केला. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दिसले. चित्र चांगलं आहे, पण नुसत्या चित्राने भाजी निवडून होत नाही. त्यावर वर्गात बोलणारं कुणी लागतं, आणि एकदा नाही, वर्षानुवर्षं. आठ मार्चला पाहुणे बोलावून नारळ देण्याने काही होत नाही, एवढं मी अनुभवाने सांगते.

अडचण वेळापत्रकाची आहे. 'तारों की टोली'त संस्थेची माणसं तास घेत. संस्था प्रत्येक शाळेत कुठून पोचणार? पुढे पंजाब आणि ओडिशा सरकारांनी हा विषय आपल्या शाळांत आणायचं ठरवलं, म्हणजे तास आता शिक्षकांनाच घ्यायचा. आणि मुलींच्या हसण्यावर डोळे वटारणाऱ्यांत आम्ही शिक्षकही असतो. 'दोन मुलांनो या, बाक उचला. दोन मुली, रांगोळी काढा' असं किती वेळा ऐकू येतं! तेव्हा पहिली बैठक शिक्षकांच्या खोलीत व्हायला हवी.

आमच्या शाळेत आता महिन्यातून दोन शनिवार, तिसरा तास. पहिला विषय डबा: कुणी केला, कुणी भरला, कुणी घासणार. गृहपाठ मुलग्यांना, आठवडाभर स्वतःचा डबा स्वतः घासायचा. पहिल्या आठवड्यात तक्रार घेऊन अकरा पालक आले. सगळ्या आयाच होत्या. "मॅडम, आम्ही आहोत ना घासायला." म्हणून पुढच्या पालकसभेची चिठ्ठी आम्ही वडिलांच्या नावाने काढली आहे, वेळ संध्याकाळी सातची.