जाळे केव्हा उचलावे?

(मच्छीमार बांधवांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळी बंदी उठते, दर्याला नारळ अर्पण होतो आणि कोकण किनाऱ्यावरील नौका पुन्हा समुद्राकडे वळतात. डिझेल भरलेले असते, बर्फ चढविलेला असतो, खलाशांचा शिधा सोबत असतो. जाळे कोठे टाकावे, हा तांडेलापुढील पहिला प्रश्न. त्याची चर्चा बंदरावर पुष्कळ होते. दुसरा प्रश्न तितकाच मोलाचा असूनही त्याविषयी फारसे बोलले जात नाही. धरलेल्या जागी थांबावे किती, आणि ती सोडावी केव्हा?

या निर्णयात दोन प्रकारच्या चुका संभवतात. एखादा तांडेल कालच्या भरघोस मासळीच्या आठवणीने रिकाम्या पाण्यात अर्धा दिवस घालवितो. दुसरा, शेजारच्या नौकेची वार्ता कानी येताच चालती जागा सोडून धावत सुटतो. पहिल्याचा वेळ जातो, दुसऱ्याचे डिझेल जाते. ज्या नौकांवर वाटणीची पद्धत आहे, तेथे खर्च वजा जाता जे उरेल त्याचेच भाग पडतात. म्हणून तांडेलाच्या या एका निर्णयावर नौकेवरील प्रत्येक खलाशाच्या घरची चूल अवलंबून असते.

हिशेबाची रीत

अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ एरिक चार्नोव्ह यांनी १९७६ साली या प्रश्नाचा एक सोपा नियम मांडला. त्यांचा विचार भक्ष्य शोधणाऱ्या प्राण्यांविषयी होता. एका झुडपावरील किडे टिपणाऱ्या पक्ष्याने दुसऱ्या झुडपाकडे केव्हा उडावे, असे त्याचे स्वरूप. परंतु तो नियम नौकेलाही लागू पडतो. या जागी अजून मासळी आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. येथे पुढच्या तासाला जे मिळणार, ते प्रवासाचा वेळ धरून पडणाऱ्या सरासरीपेक्षा कमी होऊ लागले, की जाळे उचलावे, असे हा नियम सांगतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका जागी पहिल्या तासाला ६० किलो मासळी मिळाली, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला २५, चौथ्याला १५. तशीच दुसरी जागा एका तासाच्या अंतरावर आहे. एक तास मासेमारी करून निघाल्यास, प्रवासाचा तास धरून, सरासरी तासाला ३० किलो पडते. दोन तास थांबल्यास ती ३३ किलोंवर जाते. तीन तास थांबल्यास ३१ वर उतरते. म्हणजे दोन तासांनी निघणे हिताचे. तिसऱ्या तासाचे २५ किलो दिसायला बरे, पण सरासरीहून कमी.

आता तीच जागा चार तासांच्या अंतरावर आहे असे धरा. दोन तासांनी निघाल्यास सरासरी जेमतेम १७ किलो पडते, तीन तासांनी निघाल्यास ती १८ च्या जवळ जाते आणि चौथ्या तासानंतर पुन्हा उतरते. येथे तीन तास थांबणे योग्य. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. पुढची जागा जितकी दूर, तितका येथे मुक्काम अधिक. जवळ असेल तर पाय लवकर काढावा. त्यात डिझेलचा भाव मिळविला, की दूरच्या प्रवासाचा मोह आणखी कमी होतो.

भरती-ओहोटीचे भान

तथापि समुद्र म्हणजे झुडूप नव्हे. झुडपावरील किडे टिपले की संपतात. समुद्रात मात्र पाणी फिरले की मासळीही फिरते. ओहोटीला रिकामी असलेली जागा भरती लागताच भरू शकते. उधाणाचा जोर आणि भांगाचे संथ पाणी यांत एकाच जागेचे वागणे निराळे असते. डोलकर बांधव तर खांबाला डोल बांधून प्रवाहानेच मासळी आणण्याची वाट पाहतात. त्यांच्या बाबतीत जागा बदलण्याचा निर्णय तासांचा नसून हंगामाचा असतो. म्हणून रिकामे जाळे वर आले, तर जागा संपली की केवळ वेळ चुकली, हे आधी ओळखले पाहिजे.

मासळीची जातही पाहावी लागते. बांगडा कळपाने फिरतो. तेथे पहिले जाळे भरले, तर आणखी मिळण्याची आशा वाढते. कळप निघून गेला, की मात्र थांबण्यात अर्थ उरत नाही. विखरून राहणाऱ्या मासळीच्या बाबतीत घट हळूहळू होते, आणि तेथे वरचा हिशेब अधिक चोख लागू पडतो.

हा हिशेब केवळ स्मरणावर सोडू नये. जागा, तिथी, भरतीची वेळ, जाळे टाकल्याची व उचललेली वेळ, मासळीचे वजन आणि प्रवासास लागलेले तास एका वहीत नोंदवावेत. एका हंगामाची अशी वही तांडेलाच्या अनुभवाला आकड्यांचे बळ देते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाद्वारे समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य पाहून संभाव्य मत्स्यक्षेत्रांची दिशा, अंतर व खोली कळविते. त्यामुळे पुढची जागा किती दूर, हे निघण्यापूर्वीच समजू शकते. थांबावे किती, हे मात्र तांडेलालाच ठरवावे लागते.

जागा सर्वांची

येथवर हिशेब एका नौकेचा झाला. समुद्र मात्र सर्वांचा आहे. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली दाखवून दिले, की सामाईक मत्स्यक्षेत्रात प्रत्येक जण दर नौकेमागे पडणारी सरासरी पाहतो. चांगल्या जागेवर नौका गर्दी करीत राहतात आणि तेथील सरासरी दुसऱ्या जागेइतकी उतरेपर्यंत ही गर्दी थांबत नाही. नव्याने आलेल्या नौकेच्या जाळ्यातील बरीचशी मासळी शेजाऱ्याच्याच वाट्यातली असते.

याचा कटू अनुभव न्यूफाउंडलंडने घेतला. तेथील कॉड मासळी घटत असताना उरलेली मासळी एकत्र गोळा होत होती, त्यामुळे ट्रॉलरची जाळी भरतच राहिली. साठा आटत असल्याचे उमगेपर्यंत उशीर झाला. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने कॉडची मासेमारी बंद केली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. व्यापारी मासेमारी मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू होण्यास २०२४ साल उजाडले. भरलेले जाळे हा भरलेल्या समुद्राचा पुरावा नव्हे, हा त्यातील धडा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून लागू होणारी ६१ दिवसांची बंदी, १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, आणि २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी ठरविलेले किमान आकारमान यांकडे या दृष्टीने पाहावे. वेळेवर जागा सोडण्याचा जो नियम शहाणा तांडेल एका दिवसाला लावतो, तोच येथे संपूर्ण किनाऱ्याने हंगामाला लावलेला आहे. जाळ्यात पिल्ले अधिक येऊ लागली, तर वजन कितीही भरो, ती जागा सोडण्याची वेळ झाली असे समजावे.

जागा वेळेवर सोडणारा तांडेल त्या दिवसाचे डिझेल वाचवितो. सर्वांनी मिळून ती वेळेवर सोडली, तर पुढच्या हंगामी त्याच जागी परत येण्यासारखे काही शिल्लक राहते.